सतरा नंबरचे शंकरराव

रविवारी सकाळी नऊ वाजता बुद्धभूषण रोकडेने पलंगाखालचं पार्सल ओढलं, फ्रेमला वर हूक आहे की नाही ते पाहावं म्हणून वर्तमानपत्राचा कोपरा फाडला, आणि त्याला वडिलांऐवजी गवत दिसलं.

त्याने अजून फाडलं. अजून गवत निघालं. पिवळ्या-जांभळ्या रंगाचे दोन मोठे ढीग, त्यांच्यामागे विरघळत चाललेलं आभाळ, आणि माणूस औषधालाही नाही. बुद्धभूषण तसाच फरशीवर बसला. तो एका केमिकल कंपनीत डिस्पॅच क्लार्क होता आणि मूळचाच उदास होता. बढती मिळाली तेव्हा त्याने सगळ्यात आधी विचारलं होतं की या जागेवरच्या आधीच्या माणसाला काय झालं.

शंकररावांना जाऊन आज वर्ष होत होतं. अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या दोन खोल्यांसमोर मांडव पडला होता, साडेअकराला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, बदलापूर-चामटोलीकडचे नातेवाईक यायचे होते. टेबलावर पांढरी चादर अंथरून भगवान बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमा ठेवल्या होत्या, आणि पुढच्या स्टुलावर शंकररावांच्या फोटोसाठी जागा सोडली होती. हार आणून झाला होता. फक्त ज्यांना घालायचा ते घरात नव्हते.

हा फोटो सहजासहजी मिळालेला नव्हता. दोन हजार पाचच्या जुलैत पूर आला तेव्हा रोकड्यांच्या घरात छातीभर पाणी शिरलं, आणि शंकररावांचे जे काही चार फोटो होते ते, पेन्शनच्या पासबुकासकट, पत्र्याच्या ट्रंकेत लगदा होऊन बसले. नवीन काढू म्हणता म्हणता आधी भिंती आल्या, मग मीटर, मग धान्याचे डबे, आणि नोव्हेंबरात शंकरराव गेले. तेव्हा घरच्यांच्या लक्षात आलं की या माणसाचा चेहरा आता कुठेच शिल्लक नाही.

शेवटी बुद्धभूषणला युनियनच्या ऑफिसात, वरच्या मजल्यावर, अठ्ठ्याऐंशी सालचा एक ग्रुप फोटो सापडला. शंकररावांच्या कारखान्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचा. दीडशे माणसं, प्रत्येकाचं डोकं हरभऱ्याच्या डाळीएवढं. पण खाली टाइप केलेली नावं होती : तिसरी रांग, डावीकडून चौथे, शं. धो. रोकडे. ती डाळ उल्हासनगरला लच्छूसेठच्या फ्रेमच्या दुकानात स्कॅन झाली, तिथल्या कारागिराने ती फुगवून तिच्यावर रंग चढवला, आणि अठरा बाय चोवीस इंचांचे शंकरराव तयार झाले. काल संध्याकाळी पार्सल घरी आलं. ते आधी उघडायचं नाही, अशी आईची ताकीद होती.

"मी पयल्यांदा बगणार," चांगुणाबाई म्हणाल्या होत्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "भूषण, तुला म्हणून सांगते. त्यांचा चेहरा आता माज्या डोळ्यासमोर येत नाय रे. टोपी येते. चालणं येतं. तोंड येत नाय."

हे ऐकल्यापासून बुद्धभूषणला धड झोप लागली नव्हती. कारण तोंड त्याच्याही डोळ्यासमोर येत नव्हतं, आणि हे सांगायला त्याच्याकडे कोणी नव्हतं.

"काय रे, असा का बसलास?" दारात दौलतराव उभे होते. शंकररावांचे कारखान्यातले जोडीदार. दोघांनी अठ्ठावीस वर्षं एकच मशीन चालवलं होतं, आणि आज मांडवाचे बांबू बांधायला दौलतराव सहा वाजल्यापासून हजर होते. बुद्धभूषणने गवताकडे बोट केलं.

दौलतरावांनी चष्मा पुसून वाकून पाहिलं. "हा शंकर नाय."

"ते मलाही कळतंय काका!"

बुद्धभूषणने बिलावरचा नंबर फिरवला. लच्छूसेठने फोन उचलला तेव्हा मागे हातोडी चालू होती.

"बोलो साईं."

"सेठ, मी रोकडे. बिल नंबर सतरा. वडिलांचा फोटो दिला होता."

"हां हां, कल ही दिया ना. सत्रह नंबर, डिलिवर."

"अहो, त्यात गवत आहे!"

पलीकडची हातोडी थांबली. मग लच्छूसेठ बराच वेळ कोणाला तरी सिंधीत बोलत राहिला, आणि त्यातून जे बाहेर आलं ते असं : दिवाळीला नवीन बिलबुक काढलेलं, म्हणून रोकड्यांचा नंबर अवघा सतरा. त्याच आठवड्यात अंबरनाथच्या एका कला मंडळाने प्रदर्शनासाठी वीस चित्रं फ्रेमला टाकली होती, त्याच मापाची, एक ते वीस. कारागीर पार्सल बांधून वर मार्करने नुसता नंबर लिहायचा. दुकानात सतरा दोन झाले, आणि टेम्पो आधी कला मंडळाचा आला.

"मतलब घास आपके पास है, तो फादर एग्झिबिशन में होंगे," लच्छूसेठ म्हणाला. "शिवमंदिर के रोड पे, स्कूल का हॉल. अंबरनाथ में ही हैं साईं, कहीं दूर नहीं गए. टेन्शन नको."

बुद्धभूषणने बायकोला स्वयंपाकघरातून बाजूला बोलावून सगळं सांगितलं. शीलाने कपाळाला हात लावला.

"आणि आईंना काय सांगू?"

"सांग, बाबांना आणायला गेलेत."

"असं सांगू? आजच्या दिवशी?"

गवत परत कागदात गुंडाळून तो आणि दौलतराव रिक्षात बसले.

शाळेच्या हॉलवर बॅनर होता : 'फ्रान्सचे प्रभाववादी चित्रकार — निवडक चित्रांच्या प्रतिकृती'. दाराशी टेबल टाकून राजसी नावाची कॉलेजातली मुलगी बसली होती. तिने आधी दोघांना चपला काढायला लावल्या, मग वहीत नावं लिहायला लावली, आणि मग तिचं लक्ष पार्सलकडे गेलं.

"काका, चित्र आत न्यायला अलाउड नाही."

"ताई, हे आतलंच आहे," बुद्धभूषण म्हणाला.

"मग बाहेर कसं आलं? बाहेर न्यायला पण अलाउड नाही."

ती बिचारी नियमाप्रमाणेच बोलत होती. पार्सल तिच्या टेबलाखाली ठेवून दोघं आत गेले. हॉलमध्ये उदबत्ती लावली होती आणि लोक दवाखान्यात बोलतात तसे हळू आवाजात बोलत होते. भिंतींवर होड्या होत्या, छत्र्या होत्या, पाण्यावरची कमळं होती, आणि कशालाच धड कडा नव्हती. दौलतराव प्रत्येक चित्रापुढे थांबून मान हलवत होते. "सगळ्यांचे फोटो पुराच्या पाण्यातनं काढलेत वाटतं," ते म्हणाले. बुद्धभूषण नंबर मोजत पुढे सरकला. पंधरा. सोळा.

सतरा नंबरपुढे वीसेक माणसं उभी होती. खाली कार्ड होतं, 'गवताच्या गंज्या, संध्याकाळ'. वर शंकरराव होते.

म्हणजे, असावेत. जवळून पाहिलं तर नुसते तपकिरी ठिपके होते. कारागिराने गालांना गुलाबी हात मारला होता, मिशीला जांभळी छटा दिली होती आणि मागे सूर्यास्त टाकला होता. बुद्धभूषण पाहत राहिला. आता ओळख पटेल, आता पटेल, असं त्याला वाटत होतं, आणि पटत नव्हती. आपण आपल्या बापाला ओळखत नाही, या विचाराने त्याने खालचा नंबर पुन्हा तपासला.

चित्राशेजारी प्रमुख पाहुणे उभे होते. ते निवृत्त प्राध्यापक होते, कलेवर लेख लिहायचे, आणि हातातल्या पेनाने शंकररावांच्या गालावर वर्तुळं काढत होते.

"या पाहा दोन गंज्या. डावी आणि उजवी. आता तुम्ही म्हणाल, सर, आम्हाला गंज्या दिसत नाहीत. दिसणारच नाहीत! जवळून गंजी शोधू नका. मधे ही जी सावली पडलीय," पेन मिशीवर आलं, "या सावलीत दिवसभराचे कष्ट आहेत. शेत कापून झालंय, माणूस घरी गेलाय, आणि मागे उरलंय हे असं."

लोकांनी माना डोलावल्या. बुद्धभूषणला राहवेना.

"सर, हे माझे वडील आहेत."

पाहुण्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे चमकले.

"वा! काय बोललात! गेली चाळीस वर्षं मी सांगतोय की चित्र असं पाहायचं असतं. या गृहस्थांना गंजीत वडील दिसले!"

टाळ्या झाल्या. कोणीतरी बुद्धभूषणच्या पाठीवर थाप मारली.

"तसं नाही सर. खरंच माझे वडील आहेत."

"खरंच! मीही तेच म्हणतोय. शेतात असायचे का?"

"कारखान्यात होते. वारले."

"अरेरे," पाहुणे मनापासून म्हणाले, आणि लोकांकडे वळले. "बघा. दुःख असल्याशिवाय हे चित्र कळत नाही."

तेवढ्यात आयोजक, म्हणजे त्याच शाळेतले चित्रकलेचे गुरुदत्त सर, चहाचा ट्रे घेऊन आले. सकाळपासून माइक, खुर्च्या आणि पाहुण्यांची गाडी यात त्यांना भिंतीकडे पाहायला सवड झाली नव्हती. आता त्यांनी सतरा नंबरकडे पाहिलं, आणि ट्रे जवळच्या खुर्चीवर ठेवून दिला. बुद्धभूषणने त्यांना खिडकीपाशी नेऊन लच्छूसेठपासून सगळी कथा ऐकवली. सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"रोकडे साहेब, मी हात जोडतो. तीन वर्षं झटतोय या प्रदर्शनासाठी. पाहुणे आत्ता पंधरा मिनिटं बोलले त्याच्यावर. आता मी कसं सांगू की ती गंजी नाही? चहा होईल, ते जातील, मी स्वतः उतरवून देतो. वीस मिनिटं."

बुद्धभूषणला दुसऱ्याची अडचण चटकन समजायची. आयुष्यभर त्याचं याच गुणाने नुकसान झालं होतं. तो थांबला. चहा झाला, फोटो झाले, सव्वाअकरा वाजले. शीलाचा फोन आला.

"अहो, बौद्धाचार्य आलेत. चामटोलीची मंडळी आलीत. आई दारात खुर्ची टाकून बसल्यात, रस्त्याकडे बघत. सापडले का?"

"सापडलेत. पण गर्दी आहे त्यांच्याभोवती."

त्याने फोन ठेवला आणि माइकवर आवाज आला. प्रदर्शनातलं एक चित्र पाहुण्यांना त्यांच्या पसंतीने भेट द्यायचं, असं मंडळाने आधीच ठरवलं होतं. पाहुणे अजिबात घुटमळले नाहीत.

"सतरा," ते म्हणाले. "माझ्या बैठकीच्या खोलीत लावीन."

दोन स्वयंसेवक स्टूल घेऊन भिंतीकडे निघाले. आता मात्र बुद्धभूषण पुढे धावला आणि शंकररावांच्या फ्रेमला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

"हात लावायचा नाही! माझी आई वाट बघतेय. एक वर्ष झालं तिने यांचं तोंड बघितलं नाही. तुमच्या बैठकीत गवत लावा, पेंढा लावा, काय वाटेल ते लावा. माझा बाप मी नेणार!"

एवढं मोठ्याने तो उभ्या जन्मात बोलला नव्हता. गुरुदत्त सरांनी खाली मान घालून, अडखळत, पाहुण्यांना खरं काय ते सांगितलं. पाहुण्यांचा चेहरा पडला, मग ताठ झाला.

"असं कसं? मी काही काल चित्रं पाहायला लागलो नाही. हा माणसाचा चेहरा आहे, आणि तो याच माणसाचा आहे, याला आधार काय? यांना तरी खात्री आहे का?"

सगळे बुद्धभूषणकडे बघायला लागले. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि हो म्हणायला चेहरा साथ देत नव्हता.

"मला विचारा ना," दौलतराव म्हणाले. "मी अठ्ठावीस वर्षं शंकरच्या बाजूला उभा होतो."

ते पुढे आले. आधी अगदी जवळून पाहिलं. मग एकेक पाऊल मागे सरकत हॉलच्या मध्यापर्यंत गेले आणि तिथे थांबले. थांबले ते थांबलेच. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. गडबड ऐकून राजसी दारातून आत आली होती. तिने भिंतीकडे पाहिलं, दौलतरावांकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

"अय्या, काका, हे तर—"

"पोरी, घोटभर पाणी आण गं, घसा सुकला," दौलतराव घाईने म्हणाले, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "हाच. हाच शंकर रोकडे. शंभर टक्के."

पाहुणेही त्यांच्याशेजारी जाऊन उभे राहिले. तिथून त्यांना डोळे दिसले, नाक दिसलं, मिशी दिसली. त्यांनी पेन खिशाला लावलं.

"माफ करा," ते हळूच म्हणाले. "इथून चेहरा दिसतोय."

राजसीच्या टेबलाखालच्या खऱ्या गंज्या आत आल्या. पाहुण्यांनी त्या हातात धरून बराच वेळ पाहिल्या. "चांगल्या आहेत," ते गुरुदत्त सरांना म्हणाले, "पण त्यांची सर नाही."

बारा वाजायला पाच मिनिटं असताना रिक्षा बुवापाड्यात शिरली. वाटभर दौलतराव फोटोवरचा कागद घट्ट धरून बसले होते. मांडवातली माणसं उभी राहिली. चांगुणाबाई पांढऱ्या साडीत दारातून उठल्या. बुद्धभूषणने फोटो स्टुलावर ठेवला, कागद काढला, आणि आईच्या तोंडाकडे बघायची हिंमत होईना म्हणून कागदाच्या घड्या घालत बसला.

चांगुणाबाई जवळ गेल्या. त्यांनी काचेवरून हात फिरवला. मग त्याही, कोणी न सांगता, चार पावलं मागे सरल्या.

"आले," त्या म्हणाल्या. पदर डोळ्यांना लावून त्या पुन्हा बघत राहिल्या. "दौलतभावजी, तुमी बगा बरं. हायेत ना हेच?"

"हेच वयनी."

"जरा तुमच्यासारके दिसतात."

"अठ्ठावीस वर्सं एका मशीनवर काढली," दौलतराव म्हणाले. "होतो माणूस सारका."

त्रिशरण-पंचशील झालं. एकेक जण येऊन फुलं वाहू लागला. दौलतरावांची पाळी आली, ते स्टुलापुढे गुडघ्यावर बसले, हात जोडून त्यांनी मान वर केली, आणि बुद्धभूषणने एका वेळी दोघांना पाहिलं. तीच एका बाजूला कललेली मान. तेच बाहेर आलेले कान. एकाच्या गळ्यात हार होता आणि दुसऱ्याच्या हातात फूल होतं, एवढाच फरक होता. दौलतरावांनी फूल वाहिलं, स्वतःला नमस्कार केला आणि ते डोळे पुसत मांडवाबाहेर गेले.

बुद्धभूषण त्यांच्या मागोमाग गेला. दौलतराव नळापाशी तोंडावर पाणी मारत होते.

"काका."

"समजलं ना तुला? आईला बोलू नको."

"पण यादीत तर नाव होतं..."

"यादी आदल्या दिवशी टाइप केली, हजेरीबुकावरनं. शंकर चौथा, मी पाचवा. फोटोच्या दिवशी मशीन बंद ठेवायचं नाय, असा साहेबाचा हुकूम. दोगांपैकी एकाला थांबायला लागणार. शंकर बोलला, तू जा दौलत, तुजा शर्ट नवीन हाय. मी गेलो. त्याची जागा रिकामी, म्हणून सरकून उभा राह्यलो." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "आज भिंतीवर बगितलं तेव्हा आटवलं. हसला होता तो, मी भांग पाडत होतो ना, तर मला हसला होता. पुडचा दात नव्हता त्याला, माहितेय ना? म्हणून हसला का हात न्यायचा तोंडावर."

आणि नळाजवळच्या त्या चिखलात उभ्या उभ्या बुद्धभूषणला त्याचा बाप दिसला. तोंडावर हात, वरून बारीक झालेले डोळे, आणि बोटांच्या फटीतून सुटलेलं हसू. वर्षभर न आलेलं तोंड लख्ख समोर आलं. त्याला हुंदका आवरेना. दौलतरावांनी त्याला रडू दिलं.

"आईला पण हेच सांग कधीतरी," ते म्हणाले. "फोटोचं नको सांगू. दाताचं सांग."

बुद्धभूषणने मान हलवली. आतून शीलाने पंगत बसल्याची हाक दिली. दौलतराव निघाले, दोन पावलांवर थांबले आणि जरा संकोचून वळले.

"भूषण, एक काम होतं. माजाबी दुसरा फोटो नाय. मी गेलो का त्यो तेरा दिवस उसना दे आमच्या पोराला. चौदाव्या दिवशी तो परत आणून देईल."

बुद्धभूषणने नळ बंद केला.

"आधी जेवून घ्या, काका," तो म्हणाला.